आईच्या मुठीतली चिठ्ठी

चर्चमध्ये मंडळीपुढे श्रीपाद साक्ष द्यायला उभा राहिला की भगवान पाटोळे नाक मुरडायचा. सख्खा धाकटा भाऊ, पण म्हणून काय झालं? घरातला मासा नासला तर त्याला वास यायचा थोडाच राहतो!

"सलाम, मंडळी," श्रीपादने माइक तोंडाशी धरला आणि डोळे मिटले. डोळे मिटल्याशिवाय त्याला बोलताच यायचं नाही. "आम्ही नवराबायको चाळीस दिवस गुडघ्यांवर होतो. म्हटलं, प्रभू, आमची स्वतःची काही इच्छा नाही, घर कुठे घ्यायचं ते तूच दाखव. एक्केचाळिसाव्या दिवशी एजंटचा फोन आला. बदलापूर, बेलवली. सातवा मजला, दोन बेडरूम, लिफ्ट. आणि नदीकडची खिडकी! नदी तर मी मागितली पण नव्हती, मंडळी!"

"आमेन," मंडळी म्हणाली.

भगवान म्हणाला नाही. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या बाकावर बसून तो नाकपुड्या फुगवत होता. प्रभूने लिफ्ट दिली, नदी दिली, दोन-दोन संडास दिले. त्या दोन बेडरूममध्ये अर्ध्या अंगाने लुळी पडलेली आई मावेल, एवढं मात्र प्रभूने श्रीपादला सांगितलं नव्हतं. भगवानने त्याला दोन महिन्यांपूर्वीच म्हटलं होतं, बाबा रे, सहा महिने तरी आईला ने. त्यावर श्रीपाद काय म्हणाला? "दादा, मी प्रेयरमध्ये ठेवलंय. अजून कन्फर्म उत्तर नाही आलं." फ्लॅटचं उत्तर चाळीस दिवसांत येतं आणि आईचं साठ दिवस झाले तरी वाटेतच! शी, शी. असल्या माणसाच्या तोंडून देवाचं नाव ऐकण्यापेक्षा कानात बोळे घालून बसावं.

भगवान तीस वर्षं अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होता. समोर येईल त्या तुकड्याला गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचं. बसला तर पास, नाही बसला तर भंगारात. रिटायर झाला तेव्हा गेज फॅक्टरीत राहिलं, पण हाताची सवय घरी आली. मंडळीत कोण साक्ष फुगवून सांगतो, कोण उपासाच्या दिवशी स्टेशनवर वडापाव खातो, कोण प्रार्थनेला फक्त नवी साडी दाखवायला येते, सगळं त्याला पाठ. सगळे नापास. पाळकसाहेबसुद्धा काठावर पास, कारण प्रार्थना लांबवायचे आणि नंतर पोहे तीनदा घ्यायचे. स्वतःला मात्र त्याने कधी गेज लावलं नव्हतं. लावायची गरजच काय? बेथेल मंडळीचा पंच तो, रोज पहाटे पवित्र शास्त्र उघडून बसणारा.

पण घरी आलं की वेगळाच वास सुरू व्हायचा.

बनूबाई, म्हणजे आई, सात महिने आतल्या खोलीत खाटेवर होती. वय चौऱ्याऐंशी. डावी बाजू गेलेली, उजवा हात तेवढा चालायचा. बोलणं तोतरं, चार शब्दांतला एक कळायचा. दिवसातून तीनदा, कधी चारदा, तिचं सगळं काढायला लागायचं. ते कमळा काढायची, भगवानची बायको. तिची कंबर त्यातच गेली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सांगितलं, बाई, आता वजन उचलाल तर कायमच्या झोपाल. कामाला ठेवलेली बाई पंधरा दिवसांत पळाली. मग कमळाच पट्टा बांधून, कण्हत, पुन्हा तेच करायला लागली. आणि भगवान? तो बादलीत पाणी गरम करून दाराशी ठेवायचा. उंबऱ्याच्या बाहेर. आत पाऊल नाही.

"मुलाने आईला असं बघू नये," असं तो लोकांना सांगायचा. ऐकायला किती छान! खरं कारण एकच होतं आणि ते त्याने देवालाही सांगितलं नव्हतं: किळस. नुसता तो वास आला की त्याच्या घशाशी यायचं. एकदा कमळाने आतून हाक मारली, "अहो, जरा धरा, ह्या घसरतायत," तेव्हा तो गेला होता. चादर बघितली, आईच्या मांड्यांवरचं बघितलं आणि तोंडावर हात दाबून तो बेसिनकडे धावला. पळता पळता त्याला आईचे डोळे दिसले. ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती. त्या दिवसापासून तो दारात आला की म्हातारी तोंड भिंतीकडे वळवायची.

ह्या गोष्टीचा त्याला राग यायचा. राग कोणावर, तर श्रीपादवर.

पहाटे तो प्रार्थनेला बसायचा. "प्रभू, आईच्या बाबतीत तुझी काय इच्छा आहे ते दाखव. तू सांगशील ते मी ऐकेन." आवाज अगदी पडता, पंचाला शोभेल असा. पण मनात उत्तर आधीच लिहून तयार होतं: श्रीपाद, बेलवली, सातवा मजला. देवाने खाली फक्त सही करायची होती. आणि हे सगळं चालू असताना आतल्या खोलीतून आईची हाक यायची, "ए... ओलं... ओलं..." भगवान म्हणायचा, "कमळा, बघ गं," आणि पुन्हा डोळे मिटायचा.

शेवटी त्यानेच चिठ्ठ्यांची गोष्ट काढली. बेथेल मंडळीत हे जुनं होतं. नव्या वर्षाच्या उपासनेला पाळकसाहेबांच्या स्टीलच्या डब्यातून घरटी एक वचनाची चिठ्ठी काढायची, ती वर्षभर भिंतीवर लावायची. पंच निवडायचे झाले तरी त्याच डब्यात नावं टाकायची. येशूच्या प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या, आपणही टाकू. भगवान म्हणाला, "आईचाही निर्णय तसाच होऊ दे. ज्याचं नाव निघेल त्याने सांभाळायचं, पुढे एक शब्द नाही."

श्रीपाद लगेच तयार झाला. "पण दादा, भाऊ तीन होतो ना आपण? मग नावं तीन. रघुदादाचं घर का गाळायचं?"

रघु म्हणजे मधला. तो जाऊन सहा वर्षं झाली. मागे राहिली ती त्याची बायको कौसाबाई, उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात, एका खोलीत. जीन्सच्या कारखान्यातून गठ्ठे आणायची आणि दिवसभर त्यांचे सुटे धागे कापायची. खोलीत पंखा एक, खाट एक, आणि बाकी जीन्स. त्या बाईच्या गळ्यात आई बांधायला श्रीपादला लाज कशी वाटली नाही? भगवानला एवढी किळस आली की तो थुंकायला खिडकीपाशी गेला. पण "कौसाचं नाव नको" असं तो बोलला का? नाही बोलला. तीनात एक म्हणजे स्वतःची सुटका जास्त, हा हिशेब त्यालाही करता येत होता.

पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "भगवानभाऊ, चिठ्ठी टाकणं सोपं असतं हो. त्याआधी तिघांनीही रिकामं व्हायला पाहिजे. आपली इच्छा चपलांबरोबर दाराबाहेर काढायची आणि मग विचारायचं. नाहीतर तो जुगार." भगवानने मान डोलावली. मनात म्हणाला, हे श्रीपादला सांगा.

चिठ्ठ्या लिहायचं काम त्याचंच. अक्षर टपोरं, कागद सारखे कापलेले, घडी अशी की एक झाकावी आणि दुसरी काढावी. शनिवारी दुपारी तो टेबलाशी बसला. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं, श्रीपाद. दुसरीवर, कौसा. तिसरीवर त्याने "भ" काढला, आणि नेमका तेव्हाच आतून वास आला. कमळा कण्हायला लागली. भगवानचं पेन थांबलं. उद्या आपलं नाव निघालं तर? तर हे असंच, रोज, मरेपर्यंत. आणि कमळाची कंबर पुरती गेली की मग कोण? मग तो स्वतः. हाताने.

त्याने तो कागद चुरगळला. नवा घेतला आणि त्यावर लिहिलं, श्रीपाद.

बघा हं, माणूस किती हुशार असतो. भगवानने लगेच स्वतःला समजावलं: मी काय खोटं केलं? प्रभूला न्यायच हवा असणार, आणि न्याय कुठे आहे हे आंधळ्यालाही दिसतंय. मी नुसता हात लावतोय. शिवाय कौसाचं नाव तर ठेवलंच आहे. ते गाळलं असतं तर ती फसवणूक झाली असती! असं म्हणून त्याने तिन्ही चिठ्ठ्या घडी घालून डब्यात टाकल्या आणि हात स्वच्छ धुतले.

रविवारी उपासनेनंतर सगळे भगवानच्या घरी जमले. पाळकसाहेब, श्रीपाद आणि त्याची बायको स्वप्नाली, आणि कौसाबाई. कौसाबाई कोपऱ्यात खाली बसली होती. बोटांच्या टोकांना जीन्सचा निळा रंग, तो कधी जायचाच नाही. स्वप्नाली रुमालाला अत्तर लावून आली होती आणि तो नाकाशी धरून म्हणत होती, "आईंना बघून कसंतरीच होतं हो!" कसंतरी होत होतं ते तिच्या नाकाला. भगवानने मनातल्या मनात तिला नापास केलं.

"चिठ्ठी कोणी काढायची?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"आत्याबाईंनी," कौसाबाई म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "जायचं त्यांना आहे."

कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. सगळे आतल्या खोलीत गेले. भगवान दारात उभा राहिला. म्हातारीने त्याला बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आज मात्र आखूड. कौसाबाईने डबा खाटेवर धरला आणि सासूचा उजवा हात त्यात सोडला. ती सुरकुतलेली बोटं डब्यात कितीतरी वेळ चाचपडत राहिली. मग मूठ मिटली आणि बाहेर आली. आणि मूठ उघडेना!

"आई, द्या ना," श्रीपाद म्हणाला. नाही. स्वप्नालीने हात पुढे केला. नाही. शेवटी कौसाबाईने तिच्या मुठीवर आपला तळवा ठेवला, तेव्हा बोटं एकेक करून सुटली.

पाळकसाहेबांनी घडी उलगडली. "कौसा."

भगवानच्या कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं. दोन श्रीपाद होते त्या डब्यात, दोन! करायला गेला काय आणि झालं काय.

"हालेलुया," श्रीपादने डोळे मिटले. "प्रभूची योजना. आपण कोण मध्ये पडणार?" त्याच्या तोंडावर सुटल्याचं तेज असं पसरलं होतं की भगवानला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

कौसाबाईने चिठ्ठी हातात घेतली. तिचा चेहरा आधी पडला, हे भगवानने नीट बघितलं. मग तिने पदर डोक्यावर घेतला, तिथेच खाटेशी गुडघे टेकले आणि ओठ हलवले. उठली तेव्हा डोळे ओले होते. "बरं," ती म्हणाली. "पाळकसाहेब, ही चिठ्ठी मला ठेवू द्या. माझ्या शास्त्रात ठेवते." आणि सासूच्या कानाशी वाकून म्हणाली, "चला आत्याबाई, माझ्या घरी. देवाने सांगितलंय."

तेवढ्यात स्वप्नालीचा हात डब्याकडे गेला. "बाकीच्या बघू ना, आमचं नाव कुठलं होतं!"

भगवानने डबा असा हिसकावला की ती दचकली. "नाही! निर्णय झाला की बाकीच्या उघडायच्या नसतात," असा नियम त्याने उभ्या उभ्या तयार केला आणि डबा घेऊन बेसिनपाशी आला. चिठ्ठ्या काढून मुठीत घेतल्या तोच मागून पाळकसाहेब आले, "द्या, डबा माझाय, घेऊन जातो." एका हाताने डबा दिला. दुसरा हात तोंडाकडे गेला.

"काय खाताय?"

"बडीशेप," भगवान म्हणाला.

दोन श्रीपाद त्याच्या तोंडात होते. कागद लवकर भिजत नाही. शाईची कडवट चव, लगदा दाढेला चिकटलेला, आणि समोर पाळकसाहेब हात धूत उभे. ते हलेनात. भगवानने गिळलं. घशात अडकलं, डोळ्यांतून पाणी आलं. पाळकसाहेबांना वाटलं आईसाठी आलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मंगळवारी गाडी करून आईला उल्हासनगरला पोचवलं. भगवानने घर फिनेलने तीनदा पुसून घेतलं, खाट गच्चीवर उन्हात टाकली. आता घरात वास नव्हता. तरी जेवायला बसला की घास फिरायचा. तोंडात तीच चव, कागदाची. त्याने दात घासले, मिठाच्या गुळण्या केल्या, लवंग चघळली. जाईना.

"सुटलो ना आपण?" कमळा एकदा म्हणाली आणि रडायला लागली. "माझ्याने उचलवत नव्हतं हो. तुमच्याने उचलवलं असतं."

 भगवान ताट सरकवून उठला.

पुढच्या रविवारी कौसाबाई उपासनेला आली नाही, म्हातारीजवळ बसायला दुसरं कोण होतं? श्रीपाद मात्र आला आणि माइक घेतला. डोळे मिटले. "मंडळी, आमच्या कुटुंबात एक मोठा प्रश्न होता. आम्ही नम्र झालो. आमची इच्छा बाजूला ठेवली. आणि प्रभूने चिठ्ठीतून स्पष्ट उत्तर दिलं!" आमेन, आमेन. भगवान बाकाची कड घट्ट धरून बसला. हा ढोंगी, हा लबाड, हा देवाच्या नावावर अंग चोरणारा...

"ह्या मार्गदर्शनासाठी उपकारस्तुतीची प्रार्थना पंच भगवानभाऊ करतील," पाळकसाहेब म्हणाले.

तो उठला. वाटलं होतं तोंडातून शब्द फुटणार नाही. पण कसचं काय! शब्द आले, धो धो आले. "प्रभू, आम्ही तुझ्यापुढे धूळ आहोत. तू सांगितलंस, आम्ही ऐकलं." आवाज पडता, जागच्या जागी कंप. मंडळीतल्या दोन म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या. आणि मधेच भगवानला जाणवलं की आपणही डोळे मिटलेत. अगदी तसेच. आवाजही तोच, थांबण्याची जागाही तीच. श्रीपादच बोलत होता त्याच्या तोंडातून. नाही, श्रीपाद बरा. श्रीपादने निदान चिठ्ठी लिहिली नव्हती.

आपण हसे लोकाला अन् शेंबूड आपल्या नाकाला, म्हणतात ना, ते हेच. आमेन म्हणून भगवान खाली बसला नाही. सरळ बाहेर गेला, चर्चच्या मागच्या गटारापाशी वाकला आणि सकाळचा चहा ओकला. गटाराचा वास नाकात होता, पण ह्या वेळी किळस त्या वासाची नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा गेज बरोबर तुकड्याला लागलं होतं, आणि तुकडा भंगार निघाला.

तो तसाच नाक्यावर आला आणि शेअर रिक्षात बसून उल्हासनगरला गेला.

कौसाबाईचं दार उघडंच होतं. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. जीन्सचे ढीग, त्यातच भिंतीशी खाट, खाटेवर आई. आईचे केस विंचरलेले होते, अंगावर स्वच्छ जुनं पातळ. कौसाबाई खाली बसून कात्रीने धागे तोडत होती. तुटलेल्या धाग्यांचा चुरा तिच्या पदरावर, केसांत.

"या भाऊजी. आज उपासना लवकर सुटली?"

"सुटली नाही. मी आलो." भगवान बसला नाही. बसला असता तर बोलला नसता. "कौसा, चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या."

"तुम्हीच लिहिता ना नेहमी."

"माझं नाव त्यात नव्हतं. श्रीपादचं दोनदा लिहिलं होतं. तुझं एकदा. उरलेल्या दोन मी गिळल्या."

कात्री थांबली. 

"शी," कौसाबाई म्हणाली. अगदी हळू. आणि मग मोठ्याने, "शी, भाऊजी! शी!"

भगवान मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटलं होतं ती रडेल, किंवा असू द्या म्हणेल. "कौसा रागावली" असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"मी काय मागितलं होतं माहितेय?" ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "तीन दिवस प्रार्थनेत मागत होते. म्हटलं, देवा, माझ्यावर नको टाकू. जागा नाही, अंगात ताकद नाही. पण टाकलीस तर तुझी म्हणून घेईन. चिठ्ठी निघाली तेव्हा घाबरलेच मी. आणि मग... मग वाटलं, एवढ्या मोठ्या मंडळीत, पंच आहेत, पाळक आहेत, फ्लॅटवाले आहेत, आणि देवाने नाव घेतलं ते माझं. जन्मात मला कोणी निवडलं नव्हतं, भाऊजी. पाच दिवस मी त्या एका चिठ्ठीवर ह्यांना उचलतेय." तिने फळीवरचं शास्त्र काढलं, आतली चिठ्ठी काढली आणि त्याच्यापुढे धरली. "आता सांगा. तुम्ही शास्त्र शिकलेले. ही इच्छा कोणाची? देवाची का तुमची?"

 साऱ्या मंडळीला वीस वर्षं उत्तरं देत आलेला माणूस तो. 

"मला नाही माहीत, कौसा," तो म्हणाला.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "ए... ओलं..." आणि पाठोपाठ वास. तोच. खोली लहान, छप्पर पत्र्याचं, वास जाणार कुठे? भगवानच्या घशाशी आलं. त्याने सवयीने कौसाबाईकडे बघितलं.

कौसाबाई उठली नाही. तिने चिठ्ठी शास्त्रात परत ठेवली, शास्त्र फळीवर ठेवलं, कात्री घेतली आणि नवी जीन्स मांडीवर ओढली.

"विचारा देवाला, भाऊजी," ती म्हणाली, "कोणी उठायचं ते."

कच्, कच्, धागे तुटत राहिले. भगवान दोन ढिगांच्या मध्ये उभा होता. त्याने डोळे मिटले नाहीत. मिटून काय दिसणार होतं? मोरीत पाण्याची बादली भरलेली होती, मोरीच्या कठड्यावर धुतलेली फडकी होती. सगळं इतकं समोर होतं की विचारायची लाज वाटावी. सात महिने ते समोरच होतं.

त्याने बादली उचलली आणि खाटेपाशी नेली. म्हातारीने त्याला बघितलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"आई," तो म्हणाला.  त्याने चादरीला हात घातला, पोटातून उमासा आला, हात मागे आला. पुन्हा घातला. आईला कुठे धरायचं, आधी काय काढायचं, पाणी कुठून ओतायचं, त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, आणि हात असे लटकत होते.

"कौसा," तो म्हणाला. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओठांवर येत होतं. "कौसा, मला येत नाही गं. आधी काय करायचं असतं? तू सांगशील तसं करतो."

कात्रीचा आवाज थांबला. 

"आधी बाह्या वर करा," कौसाबाई म्हणाली.

त्याने बाह्या वर केल्या.